केटे कोल्विट्स

केटे कोल्विट्स (जन्म : ८ जुलै १८६७, क्योनिग्सबर्ग, मृत्यू : २२ एप्रिल १९४५, मोरित्सबुर्ग) या जर्मन चित्रकार, मुद्राचित्रकार व शिल्पकार होत्या. दारिद्र्य, युद्ध आणि अपत्यवियोग हे त्यांच्या कलेचे प्रमुख विषय होते. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या धाकट्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी घडवलेले ‘शोकाकुल मातापिता’ हे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे.

प्रारंभिक जीवन

केटे यांचे माहेरचे आडनाव श्मिट. जन्मगाव क्योनिग्सबर्ग तेव्हा पूर्व प्रशियात होते. आज ते रशियातील कालिनिनग्राद होय. बर्लिन व म्युनिक येथे त्यांनी कलाशिक्षण घेतले. १८९१ मध्ये त्यांचा विवाह डॉ. कार्ल कोल्विट्स यांच्याशी झाला. हे दांपत्य बर्लिनच्या कामगार वस्तीत राहत असे. पतीकडे उपचारासाठी येणाऱ्या गरीब स्त्रियांचे जीवन केटे यांना जवळून पाहता आले. त्यांना हान्स (१८९२) व पेटर (१८९६) असे दोन मुलगे झाले.

गेऱ्हार्ट हाउप्टमान यांच्या नाटकावरून स्फुरलेल्या ‘विणकरांचा उठाव’ (१८९३–९७) या चित्रमालिकेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. या मालिकेसाठी सुचवण्यात आलेले सुवर्णपदक सम्राट दुसरा विल्हेल्म याने नाकारले. १९०४ मध्ये पॅरिसला त्यांनी शिल्पकलेचे धडे घेतले व रोदँ यांची भेट घेतली.

पुत्रशोक

१९०३ मध्ये केटे यांनी ‘मृत बालकासह स्त्री’ हे अम्लरेखन केले. त्यासाठी सात वर्षांच्या पेटरला कुशीत घेऊन त्यांनी आरशासमोर स्वतःचेच रेखाटन केले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच पेटरने सैन्यात भरती होण्याचा हट्ट धरला. तो सज्ञान नसल्याने वडिलांची संमती आवश्यक होती. वडिलांचा विरोध होता. केटे यांनी त्यांचे मन वळवले. त्याच ऑक्टोबरात बेल्जियममधील डिक्समुडेजवळ पेटर मारला गेला. तो अठरा वर्षांचा होता. आपण संमती मिळवून दिली याची खंत केटे यांना आयुष्यभर राहिली.

स्मारकशिल्प

डिसेंबर १९१४ मध्येच त्यांनी स्मारकाचा संकल्प केला. मूळ आराखड्यात पेटरची आडवी आकृती व तिच्यासोबत आईवडील होते. अनेक प्रयत्नांनंतर १९१९ मध्ये त्यांनी हे काम थांबवले. पुढे एर्न्स्ट बार्लाख यांचे काष्ठठसे पाहून त्या या माध्यमाकडे वळल्या. त्यातून ‘युद्ध’ ही सात चित्रांची मालिका निर्माण झाली (१९२१–२२). तिच्यात रणांगणाऐवजी विधवा, माता व स्वेच्छेने मरणाकडे जाणारे तरुण दिसतात. या काळात त्यांची भूमिका निश्चितपणे युद्धविरोधी झाली.

१९२०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी स्मारक पुन्हा हाती घेतले. आता मुलाची आकृती गळून गेली व गुडघे टेकलेले आईवडील एवढेच उरले. वडील ताठ, दोन्ही हातांनी स्वतःला आवळून धरलेले. आई पुढे वाकलेली. दोन्ही आकृती स्वतंत्र असून त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. त्यांचे चेहरे केटे व कार्ल यांच्याशी मिळतेजुळते आहेत. हे गुडघे टेकणे म्हणजे मृत तरुण पिढीची क्षमायाचना होय, असाही त्याचा अर्थ लावला जातो. प्लास्टरच्या प्रतिकृती १९३१ मध्ये प्रदर्शित झाल्या. ग्रॅनाइटमधील शिल्पे जुलै १९३२ मध्ये, पेटरच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठरा वर्षांनी, त्याच्या दफनभूमीत बसवण्यात आली. १९५०च्या दशकात पेटरची कबर व ही शिल्पे व्लाड्स्लो येथील जर्मन युद्ध दफनभूमीत हलवण्यात आली. तेथे २५ हजारांहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये प्रशियन कला अकादमीच्या सदस्य झालेल्या केटे यांना १९३३ मध्ये नाझी राजवटीत ते पद सोडावे लागले. १९४० मध्ये पतीचे निधन झाले. १९४२ मध्ये नातू पेटर रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचे नाव गमावलेल्या काकाचेच होते. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे घर व तेथील अनेक कलाकृती नष्ट झाल्या. युरोपातील युद्ध संपण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी केटे यांचे निधन झाले.

मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या मातेचे त्यांचे छोटे शिल्प (१९३७–३८) मूळचे केवळ ३८ सेंमी. उंचीचे आहे. त्याची मोठी प्रतिकृती १९९३ पासून बर्लिनमधील नॉये वाखे या राष्ट्रीय स्मारकात आहे. एका घरातील शोकातून आलेली ही आकृती आज युद्ध व जुलूमशाहीच्या सर्व बळींची स्मृती जपते.