प्रिंटचं बटण दाबताच कागद बाहेर येतो, त्यामागे आहे स्वयंपाकघरात गंधक जाळणारा हा माणूस!

वर्ड असो की नोटपॅड, मजकूर टाईप केला, 'प्रिंट' दाबलं की लेझर प्रिंटरमधून गरमागरम कागद बाहेर येतो. पण ज्या तंत्रावर हा प्रिंटर चालतो, ते शोधणाऱ्याला सुरुवातीला कुणी दारातही उभं केलं नव्हतं. त्याचं नाव चेस्टर कार्लसन.

१९०६ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याचा जन्म झाला. वडील न्हावी, पण कायम आजारी. त्यामुळे शाळेत असतानाच घर चालवायची जबाबदारी चेस्टरवर आली. तो सतरा वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. तरीही १९३० मध्ये त्याने भौतिकशास्त्राची पदवी मिळवली.

पुढे न्यूयॉर्कमध्ये तो एका कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे कागदपत्रांच्या प्रती कायम कमी पडायच्या. रात्री तो कायदा शिकायचा. पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवायचा. त्यात पाठीला संधिवात. इथेच त्याच्या डोक्यात आलं, बटण दाबताच नक्कल निघाली तर?

घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू झाले. गंधकाच्या वासाने शेजारी हैराण! अखेर २२ ऑक्टोबर १९३८ ला अ‍ॅस्टोरियातल्या छोट्या खोलीत, ओटो कोर्नाई या मदतनिसासोबत, जमलं. गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विजेचा भार आणला. अक्षरं लिहिलेल्या काचेतून प्रकाश पाडला. प्रकाश पडला तिथला भार गेला, अक्षरांखालचा राहिला. त्यावर बारीक पावडर चिकटली आणि ती मेणकागदावर उतरली. शाई नाही, खिळे नाहीत!

पण विकत घेणार कोण? आयबीएमसह वीसहून अधिक कंपन्यांनी नाही म्हटलं. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेने आणि नंतर हॅलॉइड या छोट्या कंपनीने हात दिला. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' मशीन आलं आणि कार्लसन कोट्यधीश झाला. त्यातला बराचसा पैसा त्याने गुपचूप दान केला.

१९६८ मध्ये तो गेला. त्यानंतर काही वर्षांतच झेरॉक्समधल्या गॅरी स्टार्कवेदरने काचेच्या जागी लेझर किरण वापरला, आणि कॉम्प्युटरवरचा मजकूर थेट कागदावर येऊ लागला. ते बघायला कार्लसन नव्हता.

आपण मात्र आजही कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणतो, दोन झेरॉक्स द्या. नाव कंपनीचं घेतो, मेहनत त्याची होती.