सहासष्ट क्रमांकाचा माणूस : सायरस एव्हरी

पनवेलहून कोकणात उतरू लागले की रस्त्याकडेच्या पिवळ्या डोक्याच्या दगडांवर ६६ हा आकडा दिसू लागतो. हा रस्ता पूर्वी १७ क्रमांकाचा होता. २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा तो ६६ झाला. एसटीच्या खिडकीत बसून तो आकडा शंभरदा वाचल्यावर एकदा मनात आले की हे आकडे ठरवते तरी कोण? त्याची चौकशी करता करता मी कोकण सोडून थेट अमेरिकेतल्या दुसऱ्या, जगप्रसिद्ध ६६ वर जाऊन पोचलो. आपल्या आणि त्यांच्या सहासष्टचा काही नातेसंबंध नाही, निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगाने एका माणसाची ओळख झाली, आणि तीच येथे करून द्यावयाची आहे.

सायरस स्टीव्हन्स एव्हरी यांचा जन्म १८७१ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. ते लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे, पुढे ज्याला ओक्लाहोमा म्हणू लागले त्या मुलखात आले. मिझुरी राज्यातल्या विल्यम ज्युएल कॉलेजातून १८९७ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे विमा, जमिनींची खरेदी-विक्री आणि खनिज तेल अशा व्यवसायांत पडून टल्सा या वाढत्या गावात ते स्थिरावले. गृहस्थ धंदेवाईक होता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. जिथून रस्ता जातो तिथे माणसे येतात आणि माणसे आली की जमिनीला भाव येतो, हे गणित त्यांना तोंडपाठ होते.

त्या काळी अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांना क्रमांक नव्हते, नावे होती. निरनिराळ्या खाजगी संस्था एखादा रस्ता दत्तक घेत, त्याला भारदस्त नाव देत आणि वाटेवरच्या खांबांवर आपल्या रंगांचे पट्टे ओढत. अशी अडीचशेच्या वर नावे झाली होती. एकाच रस्त्यावर तीन-तीन संस्थांचे पट्टे, आणि वर्गणी देणाऱ्या गावातून रस्ता मुद्दाम वळवलेला. प्रवाशाने खांब पाहायचा की रस्ता? गंमत अशी की एव्हरी स्वतः अशाच एका नावाच्या रस्त्याच्या, अल्बर्ट पाइक हायवेच्या, संस्थेचे अध्यक्ष होते. ज्या पद्धतीत ते वाढले तिचाच शेवट करण्याचे काम पुढे त्यांच्याकडे आले.

१९२५ साली सरकारने राज्यांचे अभियंते आणि केंद्रातले अधिकारी यांचे संयुक्त मंडळ नेमले. ओक्लाहोमाचे रस्ते-आयुक्त म्हणून एव्हरी त्यात होते. या मंडळाने दोन कामे केली. एक म्हणजे चिन्हांचा मेळ घातला. पाटीच्या आकारावरूनच धोका ओळखता यावा, जितका धोका मोठा तितक्या बाजू जास्त, हा विचार थोडा आधीपासून चालू होता, तो मंडळाने उचलला. थांबा सांगणारी पाटी अष्टकोनी झाली. रेल्वे फाटकाची पाटी गोल, कारण वर्तुळाला बाजू अगणित! थांब्याची ती पाटी तेव्हा पिवळी होती. न विटणारा लाल रंग मिळत नसल्याने ती लाल व्हायला १९५४ साल उजाडले.

दुसरे काम क्रमांकांचे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे, उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम. (आपल्याकडे २०१० नंतर बरोबर उलटे आहे, म्हणून तर पनवेलहून दक्षिणेला जाणारा रस्ता ६६.) त्यातही एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्राकडे जाणाऱ्या प्रमुख रस्त्यांचा आकडा शून्याने संपावा असे ठरले. उत्तरेला १०, मग २०, ३० असे खाली उतरत दक्षिणेला ९०. शून्य म्हणजे जणू गादी.

क्रमांक वाटणाऱ्या छोट्या समितीत एव्हरी होते, आणि इलिनॉय व मिझुरीचे प्रतिनिधीही होते. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा रस्ता या तिघांच्या तीन राज्यांतून जात होता. त्या रस्त्याला ६० क्रमांक मिळाला. हा रस्ता काही पूर्व समुद्राला लागत नव्हता. शिकागोपासून कमानीसारखा तिरपा खाली येऊन, टल्सा आणि ओक्लाहोमा शहर गाठून मग तो पश्चिमेला वळत होता. नकाशावर तो टल्साकडे का वाकला, हे वाचकांना सांगायला नको. दक्षिणेकडून गेल्यास उंच डोंगर टळतात हे एव्हरींचे कारणही खरेच होते. माणसाचा स्वार्थ आणि रस्त्याचे हित कधी कधी एकाच वळणावर भेटतात.

पण केंटकी राज्याच्या हे लक्षात आले. ५० त्याच्या वरून गेलेला, ७० खालून, आणि ६० शिकागोकडे पळवलेला. शून्याचा एकही रस्ता केंटकीला नाही! गव्हर्नर विल्यम फील्ड्स थेट वॉशिंग्टनला जाऊन रस्ते-विभागाचे प्रमुख थॉमस मॅक्डॉनल्ड यांना भेटले. व्हर्जिनियाहून केंटकीमार्गे मिझुरीत येणारा रस्ताच ६० व्हावा, आणि शिकागोच्या रस्त्याने ६२ घ्यावा, असा प्रस्ताव निघाला. एव्हरी संतापले. इकडे ६० चे नकाशे छापून झाले होते, पाट्या तयार होत्या. तारा आणि पत्रे यांचा महिनोन्महिने मारा चालला. नियमाकडे पाहिले तर फील्ड्स यांची बाजू बळकट होती असे मला वाटते. शून्य कोणाला द्यावे हे ठरवणाऱ्यानेच ते आपल्या दारी नेले होते.

३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्ड गावी एव्हरी सहकाऱ्यांसह बसले होते. ओक्लाहोमाचे मुख्य अभियंता जॉन पेज यांना यादी चाळताना ६६ हा आकडा कोणालाच दिलेला नाही असे आढळले. ६२ पेक्षा तो कानाला बरा लागत होता. त्याच दिवशी वॉशिंग्टनला तार गेली, की साठ नसेल तर आम्हाला सहासष्ट चालेल. ११ नोव्हेंबर १९२६ ला क्रमांकांवर शिक्कामोर्तब झाले. हरलेल्या माणसाने उरलेला आकडा उचलला, एवढीच ही घटना.

रस्ता कसला, तर २,४४८ मैलांपैकी जेमतेम ८०० मैल पक्का. कॅन्ससच्या कोपऱ्यातून तो फक्त १३ मैल जाई. ओक्लाहोमात जमिनीची मोजणी चौरस मैलांच्या चौकटींत झालेली असल्याने तो शेतांच्या बांधांवरून काटकोनात वळत वळत जाई. मायामी आणि ॲफ्टन या गावांमधला एक तुकडा तर अवघा नऊ फूट रुंद होता. पैसे अर्धेच होते, तेव्हा अर्ध्या लांबीचा पूर्ण रस्ता करण्यापेक्षा पूर्ण लांबीचा अर्धा रस्ता केला, असे सांगतात. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक चाक मातीत घालायचे!

१९२७ मध्ये ओक्लाहोमात नवा गव्हर्नर आला आणि एव्हरींचे आयुक्तपद गेले. पण त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने टल्सात ६६ च्या प्रचारासाठी संस्था निघाली. १९२८ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत पायी धावण्याची अचाट शर्यत झाली. शिकागोपर्यंतची वाट ६६ चीच. १९९ जण निघाले, ५५ पोचले, आणि ओक्लाहोमाचाच अँडी पेन हा चेरोकी तरुण पहिला येऊन २५,००० डॉलर घेऊन घरी गेला. मग मंदी आली, दुष्काळ आला, आणि ओक्लाहोमाची उजाड शेते सोडून लोक याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाले. गावात माणसे आणण्यासाठी खटपट करून वळवलेला रस्ता माणसे बाहेर नेऊ लागला. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ च्या कादंबरीत या वाटेला कायमचे घर दिले. एव्हरी १९३४ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, पण निवडून आले नाहीत.

१९५६ च्या कायद्याने रुंद, नवे महामार्ग सुरू झाले. त्यांचे आकडे उलट्या दिशेने, दक्षिणेकडून वर, वाढवण्यात आले, म्हणजे जुन्या आणि नव्या सारख्या आकड्यांची गाठ पडू नये. मध्यावर मात्र ती पडणारच होती, म्हणून नव्या यादीत ५० आणि ६० हे क्रमांक घातलेच नाहीत. नवे ६६ आहे, पण ते दूर पूर्वेला, व्हर्जिनियातून राजधानीत शिरणारा एक आखूड रस्ता. जुन्या ६६ च्या जागी ५५, ४४, ४०, १५ आणि १० असे पाच तुकडे आले.

हे काम चालू असतानाच १९६३ च्या जुलैमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, एव्हरी वारले. वारले तेही लॉस एंजेलिसमध्ये, त्यांचा रस्ता ज्या शहराकडे जात होता तिथे. २७ जून १९८५ रोजी ६६ हा क्रमांक सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. २००४ साली टल्सातल्या जुन्या पुलाला एव्हरींचे नाव मिळाले.

६० मात्र यादीत अजून आहे. तो केंटकीतून जातो. आणि नको म्हणून परत पाठवलेला ६२ पुढे दुसऱ्या एका रस्त्याला मिळाला. तो आज मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत तिरपा जातो, आणि वाटेत त्याला ओक्लाहोमा लागते, केंटकीही लागते.