राजपद सोडून राष्ट्र घडविणारे सेरेत्से खामा

१९६०च्या दशकात आफ्रिकेतील अनेक वसाहती स्वतंत्र झाल्या आणि त्यांपैकी कित्येक देशांत अल्पावधीतच लष्करी राजवटी आल्या. बोट्स्वाना मात्र लोकशाहीच्या वाटेवरून ढळला नाही. याचे मोठे श्रेय पहिले अध्यक्ष सर सेरेत्से खामा यांच्याकडे जाते.

सेरोवे येथे १ जुलै १९२१ रोजी जन्मलेले सेरेत्से हे ब्रिटिशांच्या ताब्यातील बेचुआनालँडमधील बामांग्वातो जमातीचे राजपुत्र. वडिलांच्या निधनामुळे वयाच्या चौथ्या वर्षीच राजपद त्यांच्याकडे आले. कारभार काका त्शेकेदी पाहत. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या सेरेत्से यांनी १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला आणि वादळ उठले.

काकांचा विरोध तीव्र होता. तथापि, १९४९ मध्ये जमातीच्या सभेत हजारो लोकांनी सेरेत्से यांच्या बाजूने कौल दिला. खरा अडथळा वेगळाच होता. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार सत्तेवर आले होते आणि तेथील सोने व युरेनियम ब्रिटनला हवे होते. चौकशी समितीला सेरेत्से राजपदासाठी योग्य वाटले; तरीही शेजाऱ्याच्या रोषापायी त्यांना दूर ठेवण्याची शिफारस तिने केली. सरकारने तो अहवाल दडपला आणि सेरेत्से यांना हद्दपार केले. राजपदावरील हक्क सोडल्यानंतरच, १९५६ मध्ये, त्यांना सामान्य नागरिक म्हणून मायदेशी परतता आले.

जन्माने मिळालेली सत्ता गेली. आता ती मतदारांकडून मिळवायची होती. १९६२ मध्ये त्यांनी क्वेट मसिरे आदी सहकाऱ्यांसह बेचुआनालँड डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. १९६५च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाने ३१ पैकी २८ जागा जिंकल्या. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. दुष्काळाने गांजलेल्या, जगातील अत्यंत गरीब देशांत गणना होणाऱ्या या भूमीला धड राजधानीही नव्हती; कारभार सीमेपलीकडील मॅफेकिंगहून चाले. गॅबोरोन हे नवे शहर वसवावे लागले.

जमातींतून एक राष्ट्र घडविण्याची कसोटी १९६७ मध्ये लागली. खनिजांवरील जमातींचे हक्क कायद्याने राष्ट्राकडे आले. त्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला, तोही खामांच्याच बामांग्वातोंच्या प्रदेशात. त्या उत्पन्नातून शाळा, रस्ते व दवाखाने साऱ्या देशासाठी उभे राहिले. राष्ट्रध्वजावरील काळे-पांढरे पट्टे वर्णसलोख्याचे प्रतीक ठरले, तर १९७६ मध्ये आलेल्या चलनाला पावसाचे, ‘पुला’ हे नाव मिळाले.

दर पाच वर्षांनी निवडणुका होत राहिल्या. १३ जुलै १९८० रोजी खामा यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि मसिरे यांच्याकडे सत्ता शांततेत गेली. मात्र एकाच पक्षाची सत्ता दशकानुदशके टिकल्याने या लोकशाहीवर टीकाही झाली. ती शंका २०२४ मध्ये मतदारांनी दूर केली. ५८ वर्षांनंतर खामांचा पक्ष पराभूत झाला आणि सत्तांतर शांततेत पार पडले. पक्ष हरला, त्यांनी रुजविलेली व्यवस्था मात्र टिकली.