नऊ दिवसांनी मोठा

रत्नागिरीत शिकायला आलेला माणूस एकदा तरी टिळक आळीत जातोच. मीही गेलो. टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा. त्यांच्याहून बरोबर नऊ दिवसांनी मोठा असलेला त्यांचा एक मित्र होता, गोपाळ गणेश आगरकर. जन्म कराडजवळच्या टेंभूचा. शिकण्यासाठी तेही रत्नागिरीला आले होते, पण इथे निभाव लागला नाही म्हणून परत फिरले. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, म्हणून हा लेख.

घरची गरिबी. कराड, रत्नागिरी, अकोला अशी शिक्षणासाठी वणवण. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथे अंगावर एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. (आणि आपण मेसच्या भाजीवरून केवढा गोंधळ घालतो!) एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवून टाकलं, की पोटापुरतं मिळवीन आणि बाकी वेळ लोकांसाठी घालवीन.

1881 मध्ये ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. इतकी जवळची मैत्री, पण ती मतांमुळे तुटली. 1887 ला त्यांनी 'केसरी' सोडला आणि 1888 ला 'सुधारक' काढला.

आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले होते. त्यांच्या विचाराचा गाभा साधा आहे. माणूस हा जातीचा, घराचा किंवा रूढीचा गुलाम नाही. कुठलीही चाल जुनी आहे एवढ्यावर टिकू नये, तिने बुद्धीला उत्तर द्यावं. मुलींना मुलांसारखंच शिक्षण मिळावं.

इथे मला एक प्रश्न पडला. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा एवढा कैवारी, मग 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा कसा दिला? त्या कायद्याने मुलींचं संमतिवय 10 वरून 12 वर्षं केलं. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं होतं. वरवर पाहता स्वातंत्र्याची बाजू टिळकांचीच वाटते. पण आगरकर विचारत होते, स्वातंत्र्य कुणाचं? घराचं, की त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीचं? जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या बाजूने कायद्याला उभं राहावंच लागतं. या मतांपायी पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ते मात्र लिहीत राहिले.

1892 पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरलं होतं. 17 जून 1895 ला ते गेले, वय अवघं 38. स्वतःच्या अंत्यविधीचा खर्चही त्यांनी पुडीत बांधून ठेवला होता. मेल्यावरही कुणावर भार नको!

आता थोडं माझं. माझी बहीण 19 वर्षांची आहे, बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला. दिवाळीत घरी स्थळाची बोलणी चालली होती. कायद्याने सगळं ठीक, वय बसतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. हॉस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्यक्तिस्वातंत्र्यावर वाद घालणारा मी, घरी मुकाट्याने फराळ खात बसलो होतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना फोन केला. आवाज थरथरत होता. म्हटलं, आधी तिला विचारा. बाबा चिडले आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बोलणी तूर्त थांबली आहेत. पुढे काय होईल ते माहीत नाही. पण ताईला विचारलं गेलं, आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मला शिकायचंय.