मीनलदेवींचं मूळ गाव कुठलं?



वडोदऱ्यात दोन मराठी कुटुंबं भेटली की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो, मूळ गाव कुठलं? आज आपण दक्षिणेकडून गुजरातेत सून म्हणून आलेल्या एका राणीचं चरित्र पाहू या.

मीनलदेवी, म्हणजेच मयणल्लादेवी. पाटणच्या कर्णदेव सोळंकीची राणी आणि सिद्धराज जयसिंहाची आई. काळ साधारण नऊशे वर्षांपूर्वीचा. त्यांचे वडील राजा जयकेशी. सिद्धराजाच्या दरबारातले हेमचंद्राचार्य त्याला चंद्रपूरचा राजा म्हणतात. हे चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर, कदंबांची जुनी राजधानी, असं अभ्यासक मानतात. मेरुतुंगाचार्यांनी १३०५ च्या सुमारास लिहिलेल्या प्रबंधचिंतामणीत मात्र माहेर कर्नाटकाचं सांगितलंय.

लग्नाच्या कथाही दोन. हेमचंद्राचार्यांच्या मते चित्र पाहूनच दोघांची मनं जुळली. मेरुतुंग सांगतात की कर्णदेवाला मुलगी रूपाने पसंत पडली नाही, त्याने सरळ नकार दिला. तेव्हा त्याची आई उदयमती या परक्या मुलीच्या बाजूने उभी राहिली, प्राण द्यायला तयार झाली, मग लग्न झालं. ही तीच उदयमती, जिची पाटणची राणीनी वाव आपल्या जांभळ्या शंभराच्या नोटेवर आहे. अशी सासू सर्वांना मिळो!

पुढे सिद्धराज लहान वयातच गादीवर आला. त्या वेळी मीनलदेवींनी कारभार सांभाळला, असं परंपरा सांगते.

मेरुतुंगांनीच दिलेला एक प्रसंग फार मोलाचा आहे. मीनलदेवी सोमनाथच्या यात्रेला निघाल्या. वाटेत बाहुलोड गावी यात्रेकरूंकडून कर घेत असत. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते रडत माघारी फिरत होते. ते पाहून राणीसाहेबही माघारी वळल्या. सिद्धराजाने कारण विचारलं, आणि आईच्या शब्दाखातर ७२ लाखांच्या उत्पन्नाचा तो कर कायमचा बंद केला.

गोष्ट इथे संपत नाही. सोमनाथला पोचल्यावर त्यांनी पुष्कळ दान केलं आणि मनात आलं, माझ्यासारखं दान कुणी केलं असेल? त्या रात्री देवाने स्वप्नात एका गरीब यात्रेकरू बाईकडे बोट दाखवलं, तिचं पुण्य मागून घे म्हणून. ती बाई भीक मागत लांबून चालत आलेली. उपास करून, मिळालेल्या थोड्याशा अन्नातलं आधी देवाला, मग अतिथीला दिलं आणि उरलेलं स्वतः खाल्लं. एवढंच तिचं पुण्य, पण राणीच्या दानापेक्षा मोठं. मीनलदेवींचा अभिमान तिथेच गळाला.

आता आपल्याकडे पाहू. मागच्या यात्रेच्या वेळी एका घराने यादीतून गुपचूप नाव काढून घेतलं. वर्गणी जमत नव्हती, हे आपल्याला खूप उशिरा कळलं. आपण बसच्या जागा मोजत बसलो, माघारी फिरलेलं माणूस कुणाला दिसलंच नाही.

म्हणून यंदा वर्गणी ऐच्छिक ठेवू या. ज्याला जमेल त्याने बंद पाकिटात द्यावी, पाकिटावर नाव नको. कुणी किती दिले याची चर्चा ग्रुपवर करू नये, ही नम्र विनंती. आणि आपल्या ओळखीतलं कुणी पैशांपायी मागे राहतंय का, हे घरोघरी प्रेमाने विचारावं.

घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलांना, वाचून दाखवा.

जय गुरुदेव 🙏