दोन स्पीकर्सचा बाप : ॲलन ब्लमलाइन

डिफरन्शियल ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सगळ्यांनीच केलंय. दोन ट्रान्झिस्टर, खाली सामाईक रेझिस्टर, आणि व्हायवात हमखास विचारला जाणारा सीएमआरआर. व्हॉल्व्हच्या जमान्यात, १९३६ साली, या जोडीचं पेटंट ज्याने घेतलं त्याचं नाव ॲलन ब्लमलाइन. पण मी त्याच्यावर लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. गाणी हेडफोनवर ऐकायची की स्पीकरवर, या आपल्या विंगमधल्या कायमच्या भांडणाचं निम्मं उत्तर याच माणसाकडे आहे.

जन्म लंडनचा, २९ जून १९०३. लहानपणी वाचनाची बोंब, गणितात मात्र पुढे. सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवी घेतली आणि टेलिफोनच्या कामाला लागला. लांब पल्ल्याच्या लाइनींमध्ये एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तारेत घुसतं, म्हणजे क्रॉसटॉक, तो कमी करायचं काम. १९२९ ला कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेला. १९३१ मध्ये ही कंपनी आणि एचएमव्हीवाली ग्रामोफोन कंपनी मिळून ईएमआय झाली. आजोबांच्या कपाटातल्या कुत्रा-भोंगा छाप रेकॉर्डी याच खानदानातल्या.

त्याच वर्षी स्वारी होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेली. नट पडद्याच्या या टोकाला आणि आवाज येतोय भलतीकडून! आपण पॉपकॉर्न खाल्लं असतं. याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज टाकला, तब्बल ७० दाव्यांचा. वय वर्षे २८.

आता खरी गंमत. डावीकडचा आवाज आपल्या डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित उशिरा पोचतो. फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाचा. मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. कानांच्या अंतरावर दोन माइक ठेवून रेकॉर्ड केलं आणि हेडफोनवर ऐकलं तर काम भागतं, कारण डावा माइक फक्त डाव्या कानात जातो. पण स्पीकरवर? दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतात आणि तो बारीक फरक विस्कटून जातो. पुन्हा क्रॉसटॉकच!

टेलिफोनमध्ये ज्याने क्रॉसटॉक कमी केला, त्याने इथे तो चक्क कामाला लावला. वेळेतल्या फरकाचं रूपांतर त्याने दोन स्पीकर्सच्या लहान-मोठ्या आवाजात केलं. हे दोन आवाज कानाशी मिसळले की खालच्या फ्रिक्वेन्सींना हवा तो फेजचा फरक आपोआप तयार होतो. गायक बरोबर दोन स्पीकर्सच्या मधे, रिकाम्या जागेत उभा दिसतो.

म्हणजे ही योजना मुळात स्पीकरसाठी. असं रेकॉर्डिंग हेडफोनवर लावलं की ते मिसळणंच होत नाही. गायक कपाळाच्या आत जाऊन बसतो आणि तबला एका कानाला चिकटतो. माझं मत विचाराल तर घरी खोली मिळाली की दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण करावा, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढावेत. एका कपाटावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की स्टिरिओचे पैसे पाण्यात. हॉस्टेलमध्ये मात्र हेडफोनच, कारण रूममेटला रात्री दोन वाजता त्रिकोणात रस नसतो. बारीक तपशीलही हेडफोनवर जास्त कळतात, हे कबूल.

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडला त्याने बीचमच्या ऑर्केस्ट्राची तालीम या पद्धतीने रेकॉर्ड केली. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, ४५ अंशांत, दोन चॅनेल ही कल्पनाही त्याच्या पेटंटमधली. पण विक्रीला काहीच आलं नाही. कंपनीचं लक्ष टीव्हीकडे वळलं. बीबीसीच्या ४०५ रेषांच्या टीव्हीतही याचा मोठा हात होता.

मग युद्ध आलं आणि हा रडारवर गेला. ७ जून १९४२ ला एच-टू-एस रडारची चाचणी घेणारं हॅलिफॅक्स विमान वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं. आतले अकराही जण गेले. मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं : इंजिनमधला एक टॅपेट नट नीट आवळलेला नव्हता, तो सैल झाला, व्हॉल्व्ह तुटला आणि आग लागली. ब्लमलाइन ३८ वर्षांचा होता, नावावर १२८ पेटंट, घरी डोरीन आणि दोन मुलगे. रडार गुप्त, म्हणून मृत्यूची बातमीही दाबून ठेवली गेली.

स्टिरिओ एलपी दुकानात आल्या १९५७-५८ मध्ये. खाच तीच, ४५ अंशांची. पेटंटची मुदत तोवर संपलेली होती.