बॉबी जोन्स

रॉबर्ट टायर जोन्स (कनिष्ठ) तथा बॉबी जोन्स (जन्म : १७ मार्च १९०२, अटलांटा, जॉर्जिया, अमेरिका, मृत्यू : १८ डिसेंबर १९७१, अटलांटा) हे अमेरिकन गोल्फपटू आणि वकील होते. त्यांनी आयुष्यभर हौशी खेळाडू म्हणून गोल्फ खेळला आणि स्पर्धांतून पैसा मिळवला नाही. १९३० साली त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या. असा पराक्रम करणारे ते एकमेव खेळाडू होत. त्यानंतर लगेच, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, ते स्पर्धात्मक गोल्फमधून निवृत्त झाले. गोल्फमधील मनोनिग्रहाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मात्र हा निग्रह त्यांना जन्मजात लाभलेला नव्हता.

बालपण

जोन्स यांचे वडील वकील होते. बालपणी जोन्स यांची प्रकृती फार नाजूक होती आणि त्यांना साधे अन्नही पचत नसे. हवापालटासाठी कुटुंब उन्हाळ्यात अटलांटाजवळील ईस्ट लेक गोल्फ क्लबच्या परिसरात राहू लागले. तेथे स्टुअर्ट मेडन हे स्कॉटलंडमधील कार्नुस्टीहून आलेले व्यावसायिक प्रशिक्षक होते. जोन्स यांनी त्यांच्याकडे रीतसर शिकवणी घेतली नाही. मेडन यांच्यामागून मैदानभर हिंडून, त्यांचे फटके निरखून आणि त्यांची नक्कल करूनच ते खेळ शिकले. सहाव्या वर्षी त्यांनी ईस्ट लेक येथे मुलांची एक छोटी स्पर्धा जिंकली. अलेक्सा स्टर्लिंग या बालमैत्रिणीसह त्यांनी तेथे सराव केला. पुढे स्टर्लिंग यांनी अमेरिकेचे महिला हौशी विजेतेपद तीन वेळा पटकावले.

शीघ्रकोपी स्वभाव

१९१६ साली वयाच्या १४ व्या वर्षी जोन्स फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथे यू.एस. ॲमेच्युअर स्पर्धेत उतरले आणि उपउपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. या मुलाच्या खेळाचे कौतुक झाले, तसेच त्याच्या संतापाचीही चर्चा झाली. माजी विजेते एबेन बायर्स यांच्याविरुद्धच्या सामन्यात फटका चुकला की दोघेही काठ्या फेकून देत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या प्रदर्शनीय सामन्यांतही जोन्स यांचा राग अनेकदा उफाळून येई.

जोन्स यांची अपेक्षा प्रत्येक फटका निर्दोष असावा अशी होती. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो आणि खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे चुकीचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही आणि एका चुकीचा सल पुढच्या फटक्यात उतरतो. जोन्स यांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

१९२१ मध्ये ते प्रथमच स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन खेळण्यास गेले. तिसऱ्या फेरीत खेळ बिघडत गेला. अकराव्या होलवर वाळूच्या खड्ड्यात अडकलेला चेंडू त्यांनी उचलून घेतला आणि स्पर्धा अर्धवट सोडली. त्याच वर्षी यू.एस. ॲमेच्युअर स्पर्धेत त्यांनी रागाने भिरकावलेली काठी उसळून एका प्रेक्षक महिलेच्या पायाला लागली. स्वभावाला आवर घालावा, अन्यथा स्पर्धांतून खेळता येणार नाही, अशी ताकीद त्यांना अमेरिकेच्या गोल्फ संघटनेकडून मिळाली. सेंट अँड्र्यूजच्या प्रसंगाची खंत त्यांनी पुढेही अनेक वर्षे बोलून दाखवली. या दोन घटनांनंतर मैदानावरील त्यांच्या वागण्यात बदल होत गेला.

पारशी सामना

प्रत्येक होल निपुण खेळाडूने किती फटक्यांत पूर्ण करावा याची संख्या ठरलेली असते. तिला पार म्हणतात. प्रतिस्पर्धी काय करतो याकडे पाहून खेळल्यास मन हेलकावे खाते, हे जोन्स यांच्या हळूहळू लक्षात आले. समोरच्या खेळाडूऐवजी पार हाच आपला प्रतिस्पर्धी मानून ते खेळू लागले. या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याला त्यांनी वृद्ध गृहस्थाचे रूप दिले होते. हा गृहस्थ अचाट फटका मारत नाही, चूक करत नाही आणि कधी रागावतही नाही. त्याच्याशी सामना करायचा तर त्याच्याइतकेच शांत राहावे लागते, असे जोन्स यांचे मत होते. उत्तम फेरीतही अगदी मनासारखे फटके मोजकेच पडतात, हेही त्यांनी स्वीकारले. स्पर्धात्मक गोल्फ मुख्यतः खेळाडूच्या डोक्यात खेळला जातो, असा विचार त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहे.

या बदलाचे फळ १९२३ साली मिळाले. न्यूयॉर्कजवळील इनवूड येथे झालेल्या यू.एस. ओपनमध्ये शेवटच्या होलवरील चुकांमुळे हातातोंडाशी आलेले विजेतेपद हुकले आणि बॉबी क्रुकशँक यांच्याशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीतही दोघे अठराव्या होलवर बरोबरीत होते. जोन्स यांचा चेंडू खडबडीत जागेत होता आणि हिरवळीच्या अलीकडे पाणी होते. त्यांनी फारसा वेळ न घालवता सुमारे १९० यार्डांचा फटका मारला. चेंडू पाण्यावरून जाऊन झेंड्याजवळ थांबला. हे त्यांचे पहिले मोठे विजेतेपद होते. अटलांटाचे पत्रकार ओ. बी. कीलर यांनी जोन्स यांच्या वाटचालीची सात दुष्काळी आणि सात सुकाळी वर्षे अशी विभागणी रूढ केली. तिची सीमारेषा याच विजयापाशी मानतात.

१९२५ मधील दंडाचा फटका

१९२५ ची यू.एस. ओपन वूस्टर येथे झाली. पहिल्या फेरीत अकराव्या होलवर उंच गवतात जोन्स फटक्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला. ते इतर कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते. जोन्स यांनी ते स्वतः सांगितले. पंचांनी निर्णय त्यांच्यावर सोपवला, तेव्हा त्यांनी स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर विली मॅकफार्लेन यांच्याशी त्यांची बरोबरी झाली आणि ३६ होलच्या निर्णायक लढतीत ते एका फटक्याने पराभूत झाले. तो दंड नसता तर निर्णायक लढतीची वेळच आली नसती. या प्रामाणिकपणाची स्तुती त्यांना रुचली नाही. नियम पाळणे हे कर्तव्य असून त्यात कौतुकास्पद काही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

शिक्षण आणि विजेतेपदे

गोल्फ हा जोन्स यांचा पूर्णवेळ व्यवसाय कधीच नव्हता. १९२२ साली त्यांनी जॉर्जिया टेक येथून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा आणि एमरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच सनदेची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते वकिली करू लागले. १९२४ मध्ये त्यांचा मेरी मॅलोन यांच्याशी विवाह झाला. या दांपत्यास तीन अपत्ये झाली.

१९२३ ते १९३० या आठ वर्षांत ते २१ प्रमुख स्पर्धा खेळले आणि त्यांपैकी १३ जिंकले. त्यांत यू.एस. ओपन चार वेळा, ब्रिटिश ओपन तीन वेळा, यू.एस. ॲमेच्युअर पाच वेळा आणि ब्रिटिश ॲमेच्युअर एक वेळा यांचा समावेश होतो. १९२७ ची ब्रिटिश ओपन त्यांनी सेंट अँड्र्यूज येथेच जिंकली. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्यांनी खेळ अर्धवट टाकला होता, तेथील क्लबच्या स्वाधीन तो चषक ठेवावा अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्यामुळे तेथील लोकांच्या मनात त्यांच्याविषयी कायमचा जिव्हाळा निर्माण झाला.

१९३० चे वर्ष आणि निवृत्ती

१९३० मध्ये सेंट अँड्र्यूज येथील ब्रिटिश ॲमेच्युअरपासून जोन्स यांची विजयमालिका सुरू झाली. या स्पर्धेत ते अनेकदा पराभवाच्या उंबरठ्यावर होते. सिरिल टॉली यांच्याविरुद्धचा सामना एकोणिसाव्या होलपर्यंत लांबला. उपांत्य फेरीत जॉर्ज व्हॉइट यांच्याविरुद्ध पाच होल शिल्लक असताना ते दोन होलने मागे होते. तो सामना जिंकून त्यांनी अंतिम फेरीत रॉजर वेदरेड यांचा पराभव केला. पुढे हॉइलेक येथे ब्रिटिश ओपन, मिनेसोटातील इंटरलॅकन येथे यू.एस. ओपन आणि सप्टेंबरमध्ये मेरियन येथे यू.एस. ॲमेच्युअर अशी चारही विजेतेपदे त्यांनी मिळवली. ज्या मेरियनवर त्यांनी चौदाव्या वर्षी पदार्पण केले होते, तेथेच हे चक्र पूर्ण झाले.

बाहेरून शांत दिसणाऱ्या जोन्स यांना स्पर्धेच्या दिवसांत अन्न जात नसे, पोट बिघडे आणि एकेका स्पर्धेत त्यांचे वजन काही किलोंनी घटे. त्यांनी रागावर ताबा मिळवला होता, परंतु मनावरचा ताण गेला नव्हता. लोकांच्या वाढत्या अपेक्षांमुळे तो वाढतच गेला. नोव्हेंबर १९३० मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्ससाठी त्यांनी गोल्फ शिकवणारे लघुपट केले. या कामाचा मोबदला घेणे हौशी खेळाडूच्या भूमिकेशी सुसंगत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

ऑगस्टा नॅशनल

क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्यासह जोन्स यांनी जॉर्जियातील ऑगस्टा येथे एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब स्थापन केला. मैदानाची आखणी त्यांनी ॲलिस्टर मॅकेंझी यांच्या सहकार्याने केली. १९३४ साली तेथे सुरू झालेली निमंत्रितांची स्पर्धा पुढे मास्टर्स या नावाने जगप्रसिद्ध झाली. क्लबच्या इतिहासाला वर्णभेदाची बाजूही आहे. जोन्स यांच्या हयातीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मास्टर्समध्ये खेळता आले नाही. ली एल्डर हे असे पहिले खेळाडू १९७५ मध्ये खेळले, तर क्लबचे सदस्यत्व कृष्णवर्णीयांना १९९० मध्ये प्रथम मिळाले.

आजारपण आणि अखेर

दुसऱ्या महायुद्धात जोन्स अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात अधिकारी होते. १९४८ च्या सुमारास मानदुखी आणि हातापायांतील बधिरपणा वाढू लागला आणि त्याच वर्षी ते शेवटची फेरी खेळले. दोन शस्त्रक्रिया होऊनही आराम पडला नाही. सिरिंगोमायेलिया हा मज्जारज्जूचा दुर्धर विकार असल्याचे पुढे निदान झाले. आधी काठी, मग कुबड्या आणि अखेरीस चाकांची खुर्ची असे त्यांचे चालणे थांबत गेले. लेखणी धरणेही कठीण झाले. चेंडू जेथे पडला असेल तेथूनच खेळावा, हा गोल्फचा मूळ नियम आहे. आजाराविषयीची त्यांची वृत्तीही तशीच होती. जाहीरपणे तक्रार न करता त्यांनी वकिली, लेखन आणि मास्टर्सचे काम शक्य तितके चालू ठेवले.

१९५८ साली सेंट अँड्र्यूज नगराने त्यांना सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. हा मान मिळवणारे ते बेंजामिन फ्रँकलिन यांच्यानंतरचे पहिले अमेरिकन होत. इतर सारे अनुभव वजा केले तरी या गावातील आठवणींवर आपले आयुष्य समृद्ध ठरले असते, असा भाव त्यांनी भाषणात व्यक्त केला. ते सभागृहातून निघाले तेव्हा उपस्थितांनी पारंपरिक स्कॉटिश निरोपगीत गायले. मृत्यूपूर्वी थोडे दिवस त्यांनी पत्नीचा कॅथलिक पंथ स्वीकारला. अटलांटातील ओकलंड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

अमेरिकेची गोल्फ संघटना १९५५ पासून खिलाडूवृत्तीसाठी जोन्स यांच्या नावाचा पुरस्कार देते. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील दहाव्या होलला त्यांचे नाव आहे. १९७४ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

स्टीव्हन प्रेसफील्ड यांच्या द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स (१९९५) या कादंबरीत जोन्स हे एक पात्र आहे. कादंबरीची रचना भगवद्गीतेवर बेतलेली असून खचलेला नायक जुना हा अर्जुनाचे, तर त्याचा मार्गदर्शक बॅगर व्हान्स हा भगवान श्रीकृष्णाचे रूप आहे. २००० साली रॉबर्ट रेडफर्ड यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कादंबरीतील सामना काल्पनिक आहे. मात्र फळाच्या चिंतेतून मन सोडवून समोरच्या फटक्यावर एकाग्र करण्याचा त्यातील धडा जोन्स यांना प्रत्यक्ष मैदानावर शिकावा लागला होता.